रिपोर्टातलं ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’: पेशींना जोडणारी प्रथिनं आणि कर्करोगाची घडण

माटोळी, फोंडा

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घरातली माणसं दोन शब्दांवर येऊन अडतात. एक ‘पूअरली डिफरन्शिएटेड’, दुसरा ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’. हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत नोकरी करून मी निवृत्त झाले, तरी ओळखीपाळखीतून असे रिपोर्ट अजून व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. उपचारांचा सल्ला तुमच्या डॉक्टरांचा, तो मी देणार नाही. पण कागदावर काय लिहिलंय ते कळलं तर डॉक्टरांपुढे बसल्यावर नेमकं विचारता येतं.

आधी निरोगी पेशी बघू. मोठ्या आतड्याच्या अस्तराचा काप सूक्ष्मदर्शकाखाली घेतला की पेशी ओळीने उभ्या दिसतात. केंद्रक तळाशी, बुळबुळीत स्राव माथ्याशी. तळाला प्रत्येक पेशी बेसमेंट मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्याला धरून असते आणि दोन्ही अंगांनी शेजारणींना. आपली वरची बाजू कुठली, खालची कुठली हे तिला ठाऊक असतं, आणि तिचं सगळं काम त्यावरच चालतं. ग्रेड ठरवताना पॅथॉलॉजिस्ट या शिस्तीतलं किती शिल्लक आहे ते बघतात. ग्रंथी अजून ग्रंथीसारखी दिसत असेल तर वेल-डिफरन्शिएटेड. नुसते पेशींचे पुंजके, मधे पोकळी नाही, वरखाली नाही, मुळात कुठल्या अवयवाची पेशी ते ओळखायला त्रास, तर पूअरली.

शेजारणीला धरण्याचं काम करणाऱ्या प्रथिनांत सगळ्यांत महत्त्वाचं ई-कॅडहेरिन. कॅडहेरिनांचा शोध जपानच्या मासातोशी ताकेइची यांचा, १९७० ते ८० च्या दशकांतला. हे प्रथिन पेशीच्या आवरणातून आरपार जातं. बाहेर त्याचे पाच खंड असतात आणि खंडांच्या सांध्यांत कॅल्शियम बसतं. कॅल्शियम असलं की हा भाग ताठ राहतो आणि शेजारच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिनला धरतो. आतल्या बाजूला त्याची शेपटी बीटा-कॅटेनिनला जोडलेली, ते अल्फा-कॅटेनिनला, आणि अल्फा-कॅटेनिन पेशीच्या ॲक्टिनच्या सांगाड्याला. पी१२०-कॅटेनिन नावाचं चौथं प्रथिन ई-कॅडहेरिनला आवरणावर टिकवतं. ते नसलं तर पेशी ई-कॅडहेरिन आत ओढून मोडून टाकते.

बहुतेक लेख इथे थांबतात: हा डिंक, डिंक गेला की पेशी सुटतात, सुटल्या की पसरतात. मला हे अपुरं वाटतं. पेशीने काय बनायचं हे ठरवण्यातही या प्रथिनांचा वाटा आहे, आणि ते कळल्याशिवाय ‘डिफरन्शिएटेड’ कळत नाही.

१९९४ साली उंदरांत ई-कॅडहेरिनचं जनुक निकामी करून पाहिलं गेलं. गर्भ अगदी सुरुवातीलाच थांबले, कारण त्यांना बाहेरचं अस्तरच तयार करता आलं नाही. त्याच संशोधकांचा १९९६ चा प्रयोग त्याहून बोलका आहे. ई-कॅडहेरिन नसलेल्या मूळपेशी घेतल्या. काहींत ई-कॅडहेरिन परत घातलं, काहींत त्याचंच भावंड एन-कॅडहेरिन. मग उंदरांत त्यांच्या गाठी वाढू दिल्या. ई-कॅडहेरिनवाल्या गाठींत अस्तराच्या ऊती झाल्या. एन-कॅडहेरिनवाल्या गाठींत कूर्चा आणि मज्जासंस्थेच्या धाटणीचं अस्तर. पेशी त्याच होत्या. शेजारणीला कशाने धरलंय त्यावरून त्यांची वाट बदलली.

कर्करोगात उलट दिशेचं नाटक घडतं. स्नेल, स्लग, ट्विस्ट, झेब१ ही नियंत्रक प्रथिनं गर्भात पेशींना जागा सोडून हलायला लावतात. तीच गाठीत पुन्हा जागी होतात आणि ई-कॅडहेरिनचं जनुक बंद करतात. स्नेल हे थेट त्या जनुकावर बसून करतं, हे २००० साली दोन गटांनी दाखवलं. पुष्कळदा ई जातं आणि एन येतं. पेशी लांबट होते, वरखाली विसरते, हलू लागते.

बीटा-कॅटेनिन आवरणापाशी असलं की धरून ठेवतं, केंद्रकात शिरलं की वाढीची जनुकं चालू करतं. आतड्याच्या कर्करोगात एपीसी जनुक बिघडलं की हे दुसरं घडतं. स्लाइडवर बीटा-कॅटेनिन दाखवणारा तपकिरी रंग कडेचा सरकून केंद्रकात आलेला चक्क दिसतो. मात्र ई-कॅडहेरिन गेलं की बीटा-कॅटेनिन दर वेळी केंद्रकातच जातं असं नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या लोब्युलर नावाच्या प्रकारात ते बहुधा नुसतं नाहीसं होतं.

प्रश्न जरूर विचारा.

---

सुरंगी, डिचोली

माटोळीताई, तुमचा लेख वाचला आणि लगेच खातं उघडलं. माझ्या मावशीचा रिपोर्ट आलाय. ‘इन्व्हेसिव लोब्युलर कार्सिनोमा, ग्रेड २, ईआर पॉझिटिव्ह, ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’. घरातल्या एकाने नेटवर वाचून तिच्यासमोरच सांगितलं, की निगेटिव्ह म्हणजे पेशी सुटल्यात, आता सगळीकडे गेल्या असणार. तेव्हापासून मावशी धड जेवत नाही. खरंच तसं असतं का? आणि निगेटिव्ह असेल तर ग्रेड ३ का नाही दिला?

---

माटोळी, फोंडा

सुरंगीबाय, आज संध्याकाळीच मावशीला सांग: ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ ही त्या प्रकाराची ओळखखूण आहे. रोग किती पसरलाय ते त्यावरून कळत नाही. ते स्कॅन, गाठीचा आकार आणि काखेतल्या लसिकाग्रंथी सांगतील.

आमच्या टेबलावर हे कसं दिसतं ते सांगते. मेणाच्या ब्लॉकमधून चार मायक्रॉनच्या आसपास जाडीचा काप कापतात, त्यावर ई-कॅडहेरिनला चिकटणारी ॲन्टिबॉडी, मग तपकिरी रंग. डक्टल, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ उमटते. लोब्युलरमध्ये रेघच नसते, आणि लहान, एकसारख्या पेशी तंतुमय भागातून एकामागोमाग एक जाताना दिसतात. त्याच कापात एखादी निरोगी दूधनळी असेल तर ती ठसठशीत तपकिरी. आम्ही आधी तीच शोधायचो, कारण तिने रंग घेतला असेल तरच बाकीच्यांचं कोरं असणं खरं धरायचं. शंका राहिली तर पी१२० चा रंग करतात. डक्टलमध्ये तो कडेला असतो, लोब्युलरमध्ये पेशीच्या अंगभर पसरतो, कारण त्याला धरणारं ई-कॅडहेरिनच उरलेलं नसतं.

तुझा ग्रेडचा प्रश्न फार योग्य आहे. स्तनाच्या कर्करोगात ग्रेड तीन गोष्टींवर ठरतो: नळ्या किती बनतात, केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत, विभाजनं किती चालू आहेत. प्रत्येकाला १ ते ३ गुण, बेरीज ३ ते ९. नेहमीच्या लोब्युलरमध्ये नळ्या बनतच नाहीत, कारण धरायला काही नाही. तिथे पूर्ण ३ गुण पडतात. पण केंद्रकं लहान आणि शांत असतात, विभाजनं कमी असतात. म्हणून बेरीज बहुधा ग्रेड २ ला थांबते. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनला धरणारं पेशीतलं प्रथिन. बहुतेक लोब्युलर कर्करोग ईआर पॉझिटिव्ह असतात, म्हणजे स्तनाच्या पेशीची ती ओळख त्यांनी सोडलेली नाही, आणि हार्मोनविरोधी गोळ्या त्याच ओळखीवर काम करतात. एकमेकींना धरणं सुटलं तरी बाकी घडण बरीचशी राहू शकते, हे मावशीच्याच रिपोर्टात लिहिलेलं आहे.

---

कुळागर, ताळगाव

एम.एस्सी. करतोय, पेशी वाढवण्याचं काम रोजचं आहे, म्हणून कॅल्शियमबद्दल थोडं.

फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढलेल्या अस्तराच्या पेशींवर ईडीटीए टाकलं की ते कॅल्शियम ओढून घेतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसलं तर काही मिनिटांत आधी पेशींच्या मधल्या रेषा उजळ होतात, मग फटी पडतात, मग कडा आखडून पेशी गोल होतात. तळाशी मात्र त्या अजून अडकलेल्या असतात. तिथे इंटेग्रिन नावाची वेगळी प्रथिनं धरून असतात, म्हणून सोबत प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन घालावं लागतं. शेजारणीची पकड आणि जमिनीची पकड वेगळी, हे पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिल्यावर पटलं.

दुसरं, त्वचेच्या पेशींवरचा १९८० चा प्रयोग. माध्यमात कॅल्शियम अगदी कमी, ०.१ मिलिमोलरच्या खाली ठेवलं तर त्या एकेरी थरात नुसत्या वाढत राहतात. कॅल्शियम वाढवलं की एकमेकींना धरतात, थरावर थर चढवतात, आणि केरॅटिनने भरलेल्या प्रौढ पेशी होऊ लागतात. माटोळीताईंच्या म्हणण्याला हा सरळ पुरावा वाटतो.

---

तांबडी माती, सांगे

मग कॅन्सरच्या पेशंटला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या तर पेशी परत धरतील का? आमच्या वाड्यावर एकजण हेच सांगत फिरतो.

---

साळावली, मडगाव

मी सर्जन आहे, म्हणून याचं उत्तर मीच देतो. नाही. रक्तातलं मोकळं कॅल्शियम १.१ ते १.३ मिलिमोलरच्या आसपास असतं आणि शरीर ते काटेकोर सांभाळतं. कॅडहेरिनला लागतं त्याहून ते भरपूर आहे. गाठीत ई-कॅडहेरिन नाही ते जनुक बिघडल्यामुळे किंवा बंद पडल्यामुळे. कॅल्शियम ओतून ते परत येत नाही. उलट रोग हाडांत गेलेला असेल तर रक्तातलं कॅल्शियम आधीच वाढलेलं असू शकतं, आणि ते जिवावर बेततं. हाडांच्या विरळपणासाठी डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं असेल तर जरूर घ्या. या कारणासाठी कुणी स्वतःहून घेऊ नये. कृपया त्या गृहस्थांना थांबवा.

सुरंगी, लोब्युलरबद्दल आणखी एक. पेशी ओळीने विखरून वाढतात, त्यामुळे हाताला घट्ट गाठ लागत नाही आणि मॅमोग्राफीत रोगाचा खरा विस्तार कमी दिसू शकतो. शस्त्रक्रिया ठरण्याआधी एमआरआयची गरज आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. हा प्रकार पुढेमागे पसरलाच तर हाडांखेरीज पोटातल्या पडद्यावर, आतड्यात, अंडाशयातही जाऊ शकतो. म्हणून कित्येक वर्षांनी पोटाची तक्रार आली तरी तपासणाऱ्या डॉक्टरांना जुना रिपोर्ट दाखवायचा.

---

कुळागर, ताळगाव

‘ई-कॅडहेरिन गेलं म्हणून पसरला’ या समजाविरुद्ध एक महत्त्वाचा पुरावा राहिला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने स्तनाच्या डक्टल कर्करोगाच्या नमुन्यांत ई-कॅडहेरिन काढून टाकलं. पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या, हे अपेक्षितच. पण दूर जाऊन नवी गाठ धरणं कमी झालं, कारण वाटेत पेशी मरत होत्या. म्हणजे त्या नमुन्यांत ई-कॅडहेरिन पेशींना जगवत होतं. त्याआधी २०१४ मध्ये रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशींवर काम झालं. एकट्या पेशीपेक्षा एकमेकींना धरून फिरणाऱ्या झुपक्याची नवी गाठ बनवण्याची ताकद २३ ते ५० पट निघाली. त्या झुपक्यांना धरून ठेवणारं प्लाकोग्लोबिन कमी केलं तर झुपके फुटले आणि फुफ्फुसातला फैलाव घटला.

मग ताई, ही प्रथिनं कर्करोग रोखतात असं म्हणावं की पोसतात?

---

माटोळी, फोंडा

कुळागरबाब, दोन्ही, आणि केव्हा काय ते रोगाच्या टप्प्यावर. १९९१ मध्ये ई-कॅडहेरिन परत घातल्यावर बशीतल्या कर्कपेशींचं घुसणं थांबलं होतं. तेही खरं आणि २०१९ चंही खरं. धालोंत, आपल्या गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्यात, बायका कमरेला हात घालून ओळ धरतात तेव्हा कुणी एकटी भरकटत नाही, पण अख्खी ओळ पुढे सरकतेच ना? जागेवर असलेल्या अस्तरात ही पकड शिस्त राखते. तीच पकड घेऊन झुपका रक्तात उतरला तर त्याला बळ देते. स्तनाच्या इन्फ्लमेटरी कर्करोगात तर ई-कॅडहेरिन भरपूर सापडतं, आणि तो रोग फार वेगाने वाढणारा. म्हणून एका रंगावरून रोग्याचं भविष्य सांगू नये, हे मी कळकळीने सांगते.

---

आबोली, म्हापसा

बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालंय. दर तीन महिन्यांनी सीईए करायला सांगतात. तो याच विषयातला का?

---

माटोळी, फोंडा

हो, आबोली, अगदी याच विषयातला. सीईए म्हणजे कार्सिनोएम्ब्रायोनिक ॲन्टिजेन, रक्तात मोजतात ते प्रथिन. ते १९६५ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधलं, आतड्याच्या कर्करोगाची खूण म्हणून. ते पेशींना एकमेकींशी चिकटवणारं प्रथिन आहे हे १९८९ मध्ये कळलं. निरोगी आतड्यात ते पेशीच्या माथ्यावरच असतं, म्हणून शौचावाटे निघून जातं. पेशीने वरखाली विसरलं की ते चहूबाजूंनी येतं आणि रक्तात उतरतं. ज्या चाचणीकडे तुम्ही दर तीन महिन्यांनी बघता ती एका अर्थी पेशींच्या बिघडलेल्या शिस्तीचाच माग घेते. मॉन्ट्रियलमधल्याच पुढच्या प्रयोगांत सीईए अवाजवी वाढवल्यावर आतड्याच्या पेशींची नीट घडण होणंच अडलं, म्हणजे ते नुसतं लक्षण नसावं, बिघाडाला हातभारही लावत असावं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए जरा जास्त असतं. आणि फार बिघडलेल्या घडणीच्या गाठी पुष्कळदा सीईए कमी सोडतात, म्हणून आकडा चांगला आला तरी स्कॅन आणि कोलोनोस्कोपीची तारीख चुकवू नका.

---

तांबडी माती, सांगे

कॅल्शियमचं आजच त्या माणसाला वाचून दाखवलं, साळावली डॉक्टर. आता तोंडाच्या कॅन्सरचं विचारतो. आमच्याकडे मशेरी लावणारे अजून पुष्कळ आहेत. तिथेही हीच प्रथिनं?

---

माटोळी, फोंडा

तिथे कॅडहेरिनांच्याच कुटुंबातली डेस्मोग्लाइन आणि डेस्मोकोलिन आणखी असतात. त्यांच्यामुळे दोन पेशींमध्ये बारीक पूल दिसतात, साध्या गुलाबी-निळ्या रंगातसुद्धा. तोंडाच्या कर्करोगात हे पूल आणि केरॅटिनच्या गोल चकत्या दिसल्या की वेल-डिफरन्शिएटेड लिहितात. पूल नाहीसे आणि कडेच्या पेशी एकएकट्या खोल शिरलेल्या, तर गंभीर. पण तोंडाच्या बाबतीत मी प्रथिनांपेक्षा आरशावर भर देईन. पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं. मशेरी आजच बंद.

---

कुळागर, ताळगाव

ही पकड परत आणून पेशीला वळणावर आणता येतं का, हे विचारायचं राहिलं होतं.

---

माटोळी, फोंडा

बशीत येतं. १९९७ मध्ये मीना बिसेल यांच्या प्रयोगशाळेने स्तनाच्या कर्कपेशी बेसमेंट मेम्ब्रेनसारख्या जेलमध्ये वाढवल्या आणि त्यांचं बीटा-१ इंटेग्रिन ॲन्टिबॉडीने अडवलं. वेड्यावाकड्या गोळ्यांच्या जागी नीटस गोल रचना उभ्या राहिल्या, वाढ थांबली. जनुकांतले बिघाड मात्र होते तसेच. हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी त्या चित्रांवरून नजर काढू शकले नव्हते. माणसांत इतकं सोपं झालं नाही. इंटेग्रिन अडवणारं सिलेंजिटाइड मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमाच्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढवू शकलं नाही.

यश आलं ते वेगळ्या बाजूने. या प्रथिनांना दुरुस्त करण्याऐवजी त्यांच्यावर नेम धरून. मूत्राशयाच्या कर्करोगात नेक्टिन-४ या पेशी जोडणाऱ्या प्रथिनावर औषध नेऊन सोडणारं एनफॉर्टुमॅब वेडोटिन अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. जठराच्या कर्करोगात क्लॉडिन १८.२ वरचं झोल्बेटुक्सिमॅब २०२४ मध्ये. क्लॉडिन निरोगी जठरात पेशींच्या घट्ट सांध्यांत दडलेलं असतं. घडण बिघडली की ते उघड्यावर येतं आणि ॲन्टिबॉडीला सापडतं.

---

सुरंगी, डिचोली

ताई, मावशीला तुमचं उत्तर मोबाइलवर वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. रात्री पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर खाल्ली.

अजून एक विचारते. आजोळचे आजोबा, म्हणजे मावशीचे बाबा, पोटाच्या कॅन्सरने गेले. मी लहान होते, घरात त्यावर कुणी बोलत नसे. त्याचा इथे संबंध आहे का?

---

साळावली, मडगाव

असू शकतो, आणि हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. ई-कॅडहेरिनच्या जनुकाला सीडीएच१ म्हणतात. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी घराण्यात, जिथे पिढ्यान् पिढ्या तरुण माणसं पोटाच्या कर्करोगाने जात होती, तिथे या जनुकातलं आनुवंशिक उत्परिवर्तन सापडलं. अशा घराण्यांत जठराचा डिफ्यूज प्रकार आणि बायकांत स्तनाचा लोब्युलर प्रकार, दोन्ही दिसतात. एकाला जठराचा डिफ्यूज आणि दुसऱ्या कुणाला सत्तरीच्या आत लोब्युलर असेल, तर या जनुकाची तपासणी करावी असं २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे.

लगेच धास्ती घेऊ नका. जठराच्या कर्करोगांत आनुवंशिक डिफ्यूज फार थोडे, शंभरात एक ते तीन. बाकीच्यांपैकी पुष्कळ हेलिकोबॅक्टर जंतूच्या जुन्या संसर्गातून येतात आणि त्यांचा मावशीच्या आजाराशी संबंध नसतो.

आता करायचं ते असं. आजोबांचे जुने कागद घरात कुठे असतील तर शोधा, विशेषतः एंडोस्कोपीच्या बायोप्सीचा. त्यात ‘सिग्नेट रिंग’ किंवा ‘डिफ्यूज’ लिहिलंय का बघा. कागद नसतील तर त्यांचं वय आणि कुठे उपचार झाले ते मोठ्या माणसांना विचारून लिहून काढा. तपासणी आधी मावशीच्या रक्ताची होते, भाचरांची नाही. तिच्यात काही सापडलं तरच पुढे तुमच्या आईचा आणि मग तुमचा प्रश्न येतो. ती जेनेटिक समुपदेशकाशी बोलल्याशिवाय करू नका, कारण ‘अर्थ अनिश्चित’ असाही निकाल येतो आणि तो समजावून सांगणारं माणूस समोर लागतं. मावशीच्या गाठीचा मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेत जपून ठेवायला आत्ताच सांगा, नंतर लागू शकतो.

---

सुरंगी, डिचोली

आईला विचारलं. कागदांची पेटी आजोळी माळ्यावर आहे म्हणाली. रविवारी मामाकडे जाऊन काढते आणि इथे लिहिते.

---

माटोळी, फोंडा

रिपोर्ट पोर्तुगीजमध्ये किंवा जुन्या हस्ताक्षरात असला तर मला फोटो पाठव, मी वाचून देईन. नाव आणि पत्ता झाकून पाठव.